आदि तालातलं टायपिंग

म्हैसुरात घर भाड्याने घ्यायला गेलं की घरमालक ठरलेले प्रश्न विचारतात. मांसाहार करता का, पाहुणे फार येतात का, रात्री परतायला उशीर होतो का. चामराजपुरममधल्या त्या घराच्या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्या नवऱ्याकडे साफ दुर्लक्ष केलं आणि मला विचारलं, "अम्मा, तुमी काम करताना काय ऐकता?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "मला शांतता लागते."

त्यांचा चेहरा असा काही पडला की मला वाटलं, घर गेलं हातचं. मग ते आत वळून म्हणाले, "पाप! काही ऐकत नाही म्हणे." आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मग आत्ताच किल्ली द्या. वर एक तरी शहाणं माणूस राहू द्या." कानडीत 'पाप' म्हणजे बिचारी, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला वाटलं की शांततेत काम करणं हे या घरात पातक आहे, आणि राहायला गेल्यावर लक्षात आलं की माझा पहिला अर्थच जास्त बरोबर होता.

त्यांना सगळी गल्ली 'मेष्ट्रु' म्हणायची, म्हणजे मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. आजच्या काळात टायपिंग इन्स्टिट्यूट म्हटलं की लोक हसतात. मीही हसले होते. पण सरकारी कचेऱ्यांतल्या आणि कोर्टातल्या काही नोकऱ्यांना ती परीक्षा लागायची, आणि ती त्या जुन्या खडखडणाऱ्या मशीनवरच व्हायची. त्यामुळे मेष्ट्रुंकडे सकाळ-संध्याकाळ पोरापोरींची ये-जा असे. मशीनं वडिलांच्या काळातली, विद्यार्थी मोबाइलच्या काळातले, आणि मेष्ट्रु स्वतः कुठल्या काळातले ते त्यांनाच ठाऊक.

उंचीने सहा फूट, नाक धारदार, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली पांढरी लुंगी. इथवर सगळं ठीक होतं. पण खाली पाहिलं की डाव्या पायात काही नाही आणि उजव्या पायात काळा चामड्याचा बूट. हा बूट ताल धरण्यासाठी होता. तो ते घरात, इन्स्टिट्यूटमध्ये, इतकंच काय जेवतानाही घालून बसत. त्यावरून घरात रोज वाद व्हायचा. त्यांची बायको, म्हणजे काकू, म्हणायच्या, "चपला बाहेर काढून घरात यायचं हे दुनियेला कळतं. यांना अर्धंच कळलंय."

त्यांचे पूर्वज कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून घोडदळाबरोबर आले आणि म्हैसूरच्या महाराजांकडे चाकरीला राहिले. हा सगळा इतिहास मेष्ट्रु एका दमात सांगायचे. "पणजोबा घोड्यावर. आजोबा पण घोड्यावर. पण आजोबा पडले. घोड्यानं पाडलं आणि महाराजांनी बँडमध्ये टाकलं. हातात क्लॅरिनेट दिलं. आमच्या घरी संगीत आलं ते घोड्याच्या कृपेनं, अल्वा?" प्रत्येक वाक्याच्या शेवटी हे 'अल्वा' असायचं, म्हणजे 'होय ना'. उत्तराची त्यांना अपेक्षा नसे.

राहायला आल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी लॅपटॉप उघडला. माझं काम तेव्हा घरूनच चालायचं: कंपन्यांच्या मीटिंगांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करून पाठवायचा. कानात एक साहेब घसरलेल्या विक्रीबद्दल बोलत होता, आणि माझ्या पायाखालून वीणा सुरू झाली. पाठोपाठ दहा-बारा मशीनं एकदम. मेष्ट्रुंचा स्पीकर हा गणपतीच्या मांडवात शोभावा एवढा होता आणि तो नेमका माझ्या टेबलाच्या खाली उभा होता. टेबलावरची चमच्यासकट वाटी चालायला लागली, तेव्हा मी खाली गेले.

"मेष्ट्रु, आवाज जरा कमी कराल का? कामात लक्ष लागत नाही."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आवर्तन पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाले, "आवाज जास्त नाही, अम्मा. तुमचं बोट तालात नाही. बोट तालात नसलं की आवाज टोचतो. टाइप करताना तुमी मधेच थांबता, अल्वा?"

"थांबते. नीट ऐकू आलं नाही तर मागे जाऊन पुन्हा ऐकावं लागतं."

"नोडी!" ते विद्यार्थ्यांकडे वळले. "बघा. ऐकायला मागं जाते. मागं जाणारा माणूस पुढं कसा जाणार?"

विद्यार्थ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

त्यांचा मुख्य सिद्धांत असा, की टाइपरायटर हे तालवाद्य आहे. ए, एस, डी, एफ. सेमीकोलन, एल, के, जे. "मोजा," ते नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायचे. "आठ. आदि तालाच्या मात्रा पण आठ! ज्या गोऱ्यानं हे मशीन केलं त्याला माहीत नव्हतं, पण त्याचा हात आदि तालातच चालला." एकदा एका पोराने विचारलं, की मधल्या जी आणि एचचं काय? मेष्ट्रु म्हणाले, "ते पाहुणे. दोन आठवड्यांनी येतात." आणि खरंच, त्यांच्याकडच्या विद्यार्थ्यांना पहिले दोन आठवडे जी आणि एच भेटायचे नाहीत.

मग कामाप्रमाणे संगीत. सकाळच्या बॅचला वीणा, कारण तेव्हा बोटं झोपेतून उठत असतात. जेवणानंतरच्या बॅचला नादस्वरम, म्हणजे दक्षिणेकडची लांब सनई, कारण तेव्हा अख्खा माणूसच झोपलेला असतो. पत्रांना बासरी, तक्त्यांना घटम. आणि शब्द असलेलं गाणं मात्र पूर्ण बंद. "शब्द कानातून आत गेला की बोटातून बाहेर पडतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. एका विद्यार्थ्याने म्हणे सिनेमाचं गाणं ऐकत अर्ज टाइप केला आणि त्यात तहसीलदारांना 'प्रिये' असं संबोधलं. ही गोष्ट खरी की खोटी कोण जाणे, पण दर वेळी सांगताना मेष्ट्रु त्या साहेबाला बढती द्यायचे. मी शेवटची ऐकली तेव्हा प्रकरण मुख्य सचिवांपर्यंत गेलं होतं.

या बंदीचा फटका काकूंना बसायचा. त्या स्वयंपाक करताना देवाची गाणी म्हणत. ती म्हणायला लागल्या की मेष्ट्रु बूट वाजवत उठून मधलं दार लावून घेत. मग काकू मुद्दाम वरच्या पट्टीत म्हणत. "माझा रसम तुमच्या तालावर उकळत नाही," त्या बंद दाराला सांगायच्या. "तो मिरं टाकल्यावर उकळतो."

सगळ्यात जड म्हणजे त्यांना हे औषध फक्त टायपिस्टांसाठी ठेवायचं नव्हतं. दुसऱ्याचं काम पाहिलं की त्यांचा हात शिवशिवायचा. कंपाउंडची भिंत रंगवायला पेंटर आला होता. बिचारा आपल्या गतीने, विडी ओढत, दोन दिवसांचं काम चार दिवस पुरवत होता. मेष्ट्रुंनी स्पीकर खिडकीत आणला आणि नादस्वरम आणि त्याच्या जोडीच्या तवील ढोलाची द्रुत लय लावली. पेंटरने आधी मान डोलावली, मग ब्रश, आणि दुपारपर्यंत भिंत संपवून तो त्याच भरात पुढे सरकला आणि शेजाऱ्यांची अर्धी भिंत रंगवून मोकळा झाला. शेजारी संध्याकाळी आभार मानायला आले. मेष्ट्रु आनंदाने मला म्हणाले, "काम वाढलं की नाही?" काम वाढलं होतं हे खरं. कुणाचं, एवढाच प्रश्न होता. नारळ पाडणारा गडी मात्र त्यांना पुरून उरला. अर्ध्या झाडावरून त्याने खाली ओरडून विचारलं, "अहो, ताल धरू की झाड धरू?"

माझा नवरा म्हैसुरातल्याच हेब्बाळला सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहत तो फाटकाशी उभा असायचा, कानावर ते भले मोठे हेडफोन. मेष्ट्रुंनी एकदा ते मागून घेतले, स्वतःच्या कानाला लावले आणि विचारलं, "ऑफिसात सगळेच घालतात?"

"जवळजवळ सगळेच. आजूबाजूचा आवाज येत नाही, काम चांगलं होतं."

"सगळे एकच ऐकतात?"

"नाही हो. ज्याचं त्याचं वेगळं."

मेष्ट्रुंनी हेडफोन परत केले. "मग सुम्ने, उगाच, एका इमारतीत कशाला बसता? आपापल्या घरी बसा की." नवऱ्याने हे ऑफिसात सांगितलं म्हणे. पुढे काही महिन्यांनी त्यांच्या कंपनीने आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायला सांगितलं, तेव्हा मेष्ट्रु अशा थाटात वावरले की जणू फाईल त्यांच्या सहीने गेली होती.

आता माझ्याबद्दल. मी हट्टाने इअरफोन कानात घट्ट खुपसून काम करत राहिले. पण एक दिवस माझ्या लक्षात आलं की जेवणानंतर, जेव्हा मी पूर्वी हमखास पेंगायचे, तेव्हा माझी बोटं चालू असतात. नादस्वरम खालून यायचा आणि मी वरून साहेबाच्या वाक्यांना पूर्णविराम देत समेवर यायचे. काम लवकर संपायला लागलं. सकाळच्या वीणेने मात्र माझं कधीच भलं केलं नाही. ती लागली की मी टाइप करायचं सोडून ऐकतच बसायचे. म्हणजे मेष्ट्रु अर्धे बरोबर होते. ते त्यांना सांगायची मला अजिबात इच्छा नव्हती, कारण अर्धं बरोबर म्हटलेलं ते पूर्ण बरोबर म्हणून गल्लीभर सांगत सुटले असते.

या सगळ्या संगीतात एक चीज निराळी होती. ती फक्त वेगाच्या परीक्षेच्या सरावाला लागायची. ती म्हणजे आजोबांचा मार्च. पडलेल्या आजोबांनी बँडमध्ये असताना रचलेला. कागदावर कुठेच नाही. मेष्ट्रुंनी एका चुलत्याकडून तो क्लॅरिनेटवर वाजवून घेतला होता आणि जपून ठेवला होता. पहिली ओळ सरळ चालायची, दुसरी चढत चढत जाऊन वर थांबायची, आणि पुन्हा पहिली. त्या लयीत टाइप केलं तर पेपर वेळेत संपणारच, असा त्यांचा दावा होता. मार्च लागला की खोलीत कुणी खोकायचंही नाही. कुणाचं बोट अर्ध्या मात्रेने चुकलं तर मेष्ट्रु डोळे मिटलेले असतानाही ओळखायचे आणि त्याला पुन्हा ए, एस, डी, एफपासून सुरू करायला लावायचे. आजोबांच्या चालीत फरक केलेला त्यांना खपत नसे. काकू ती चाल गुणगुणताना एक सूर खाली घ्यायच्या, तर त्यावरून दोघांत आठवडाभर अबोला झाला होता.

भाग्या त्या वर्षी आमच्याकडे आली. आमच्याकडे म्हणजे मेष्ट्रुंकडे, पण एव्हाना मीही त्या इन्स्टिट्यूटची भाग झाले होते. ती कृष्णराजनगरची, घरात मराठीच, पण तिची मराठी जेमतेम. दोन वाक्यांनंतर गाडी कानडीवर जायची. तिचे वडील तिथल्या कोर्टात टायपिस्ट होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी तिला अनुकंपेने घेतलं, पण एका अटीवर: ठरलेल्या मुदतीत टायपिंगची परीक्षा पास व्हायची. दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची. नाही झाली, तर नोकरी गेली. मागे आई आणि शाळेत जाणारा भाऊ. रोज संध्याकाळी कोर्ट सुटलं की ती बस पकडून म्हैसूरला यायची आणि क्लास संपला की परत जायची.

गंमत अशी की मेष्ट्रुंच्या खोलीत तिच्यासारखी टाइप करणारी कुणी नव्हती. मार्च लागला की तिची बोटं पाहत राहावीत. मेष्ट्रुंचे डोळे मिटलेले आणि बूट वाजत असे, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की देवळात उभे आहेत.

"मग नापास कशी झाली?" मी एकदा विचारलं.

"हॉल," मेष्ट्रु म्हणाले. "हॉलमध्ये दुसऱ्या इन्स्टिट्यूटची पोरं. शंभर मशीनं, शंभर ताल. बेताल! त्यात आमची पोरगी अडकते. गाडीच्या रस्त्यात म्हशी याव्यात तसं."

"म्हणजे तिला मार्चशिवाय टाइप करता येत नाही. मेष्ट्रु, हॉलमध्ये तुमचा स्पीकर नसणार. तिला शांततेत सराव द्या की."

ते माझ्यावर असे रागावले की दोन दिवस खालून बासरीसुद्धा आली नाही. शेवटी काकूंनीच तोड काढली. एक मशीन माझ्या घरी वर चढवलं आणि भाग्याला संध्याकाळचा थोडा वेळ माझ्याकडे पाठवायला लागल्या. मी खिडक्या लावल्या, पंखाही बंद केला. भाग्याने एक ओळ टाइप केली. दुसरी केली. मग तिचे हात मशीनवरच थांबले.

"काय झालं गं?"

"अक्का, गप्प असलं की सगळं आठवतं." ती मशीनकडेच बघत होती. "अप्पा आठवतात. आईचं तोंड आठवतं. ह्या वेळी पण नाही झालं तर, म्हणून येतं डोक्यात. मग हात थंड पडतात. मार्च असला की हे काही आत येत नाही."

मी उठून पंखा लावला, खिडक्या उघडल्या आणि तिला कॉफी करून दिली. इतके दिवस मी मेष्ट्रुंच्या संगीताला खूळ समजत होते. या पोरीसाठी ते दाराला लावलेली कडी होती. आणि परीक्षेच्या हॉलमध्ये ती कडी नेता येत नव्हती.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात खाली खिडक्या लावून काहीतरी चाललं होतं. क्लॅरिनेट, ढोल, मधेच मेष्ट्रुंचा ओरडा, पुन्हा क्लॅरिनेट. काकूंना विचारलं तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "हॉलमध्ये मार्च नेता येत नाही, म्हणून हॉलपाशी नेणार आहेत. स्पीकर लावला तर पोलीस धरतील. म्हणून वरात काढणार."

"वरात?"

"लग्नाची. नवरा नाही, नवरी नाही, नुसता बँड. वरातीला आजवर कुणी अडवलंय का, म्हणतात."

मी विचार केला आणि मला मानावं लागलं की वरातीला खरंच आजवर कुणी अडवलेलं नाही. लग्नाचा बँडही लगेच, मागितला तसा, हव्या त्या दिवशी मिळाला होता. त्याच वेळी आमच्यापैकी कुणाला तरी शंका यायला हवी होती.

परीक्षेच्या दिवशी भाग्याचं मशीन घोंगडीत गुंडाळून टेम्पोतून केंद्रावर गेलं. केंद्र म्हणजे एका गल्लीतली शाळा. हॉल वरच्या मजल्यावर, खिडक्या रस्त्याकडे. मी कामाला दांडी मारून काकूंबरोबर गेले. काकूंनी रेशमी साडी नेसली होती. वरातीत साध्या साडीत कोण जातं, असं त्यांचं म्हणणं. आणि बँडच्या पुढे मेष्ट्रु! स्वतःच्या लग्नातला लांब कोट, डोक्यावर जरीचा म्हैसुरी पेटा, म्हणजे तिकडचा फेटा. वरातीत एक तरी पेटा दिसला पाहिजे, असं त्यांना वाटलं होतं. दोन्ही पायांत बूट मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले.

बेत असा होता, की पेपर सुरू व्हायची घंटा झाली की मार्च सुरू करायचा आणि शाळेवरून अगदी सावकाश जायचं. घंटा झाली. मेष्ट्रुंनी हात खाली आणला. मार्च सुरू झाला, आणि काय सांगू, उघड्या रस्त्यावर, खऱ्या ढोलावर तो इतका छान वाजत होता की इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून बाहेर आला. पण वरून मशीनांचा आवाज येईना. ती घंटा पेपर वाटायची होती. सुरुवातीची घंटा अजून व्हायची होती. हे मेष्ट्रुंच्या लक्षात येईपर्यंत शाळेच्या फाटकावरचा पोलीस आमच्यापर्यंत पोचला होता.

"कुणाचं लग्न?" त्याने कानडीत विचारलं.

मेष्ट्रुंनी उत्तर तयार ठेवलं होतं. "मंडळी पुढं गेली. आमी मागून चाललो."

पोलीस आधी पुढे बघून आला. पुढे एक भाजीची गाडी आणि एक कुत्रं होतं. मग तो सावकाश म्हणाला, "आषाढात लग्न?"

बँड थांबला. मार्चची दुसरी ओळ वर चढत होती. ती चढता चढता मधेच तुटली. आषाढात लग्न कुणी करत नाही. म्हैसूरकडे तर नव्या सुनेलासुद्धा या महिन्यात माहेरी पाठवतात. मेष्ट्रुंनी लय, रस्ता, खिडकी सगळ्याचा विचार केला होता, महिन्याचा केला नव्हता. बँडवाले महिनाभर रिकामे बसले होते म्हणून धावत आले होते, हे आता आम्हाला कळलं.

पोलिसाने पेटा पाहिला, कोट पाहिला. "नवरा तुम्ही?"

"अय्यो, नाही, नाही."

"या कोण?" त्याने रेशमी साडीकडे बोट दाखवलं.

"बायको."

"मग लग्न कुणाचं?"

तेव्हा काकू पुढे झाल्या आणि अस्सल कानडीत म्हणाल्या, "यांचंच, माझ्याशी. होऊन चाळीस वर्षं झाली. वरात अजून घरी पोचली नाही."

पोलीस हसला. बँडवालेही हसले. पण परीक्षा म्हणजे परीक्षा. त्याने बँडला मोठ्या रस्त्यावर पिटाळलं, आणि आता आपण आलोच आहोत तर सगळंच करू, अशा उत्साहाने भाजीवाल्याचं ओरडणं बंद केलं आणि इस्त्रीवाल्याचा रेडिओही बंद करायला लावला. गल्ली अशी चिडीचूप झाली की मेष्ट्रुंचा श्वास मला ऐकू येत होता. आणि त्या शांततेत खरी घंटा वाजली.

वर मशीनं सुरू झाली. मेष्ट्रुंनी पेटा काढला आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसले. सहा फुटांचा माणूस केवढासा दिसायला लागला. "तुटलं, अम्मा," ते म्हणाले. "वर चढताना तुटलं. पहिल्यापासून नसतं तर बरं होतं. आता पोरगी मधेच लटकणार. माझ्यामुळं गेली तिची नोकरी." मला त्यांची चूक नाही असं म्हणायचं होतं, पण ते खोटं झालं असतं. चूक त्यांचीच होती. म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. काकूंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

भाग्या खाली आली ती गोंधळलेली. "मेष्ट्रु, बाहेर आपला मार्च वाजला ना?"

मेष्ट्रुंनी मान खाली घातली.

"आणि तुटला. मला राहवेना. अर्धा सोडला की कसंतरी होतं ना? म्हणून मीच पुढचा वाजवला, मनात. पुन्हा पुन्हा वाजवला. शेवटची घंटा झाली तेव्हा पण वाजतच होता."

"आणि पेपर?" मी विचारलं.

"पेपर पण टाइप केला. चुका किती ते माहीत नाही, अक्का."

मेष्ट्रु तिचं मशीन आणायला वर गेले. पुढे विचारायची त्यांना भीती वाटत होती.

निकाल लागेपर्यंतच्या दिवसांत त्यांनी स्पीकर लावलाच नाही. मशीनं नुसती खडखडत राहायची. मला हवी होती तशी शांतता अखेर मिळाली, आणि माझं काम पार बसलं. जेवणानंतर मी पेंगायला लागले. एका मीटिंगमधला साहेब नफ्याबद्दल बोलत असताना मी टेबलावर डोकं टेकून चक्क झोपले. कंपनीकडून विचारणा झाली की तब्येत बरी आहे ना. मी खाली जाऊन म्हटलं, "मेष्ट्रु, थोडा नादस्वरम तरी लावा." ते म्हणाले, "साकु, अम्मा. पुरे झालं." काकूसुद्धा स्वयंपाकघरात गाईनाशा झाल्या. मधलं दार लावायला कुणी येत नसेल तर गाऊन तरी काय उपयोग, म्हणाल्या.

भाग्याचा फोन आला तेव्हा संध्याकाळची बॅच भरली होती आणि मी काकूंकडे विरजण मागायला खाली आले होते. मेष्ट्रुंनी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांना एकट्याने ऐकायचा धीर नव्हता.

"पास!" पलीकडून रडण्याचा आवाज आला. "मेष्ट्रु, पास झाले. साहेबांनी सांगितलं, नोकरी राहिली. आईला आत्ता सांगितलं."

सगळी पोरं ओरडली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला, मी पण. मेष्ट्रुंनी हाताने सगळ्यांना गप्प केलं आणि फोनवर वाकून विचारलं, "हॉलमध्ये पुढं काय वाजवलंस? म्हण."

"आत्ता? मी कोर्टात आहे, मेष्ट्रु. व्हरांड्यात लोक आहेत."

"हळू म्हण."

भाग्या गुणगुणायला लागली. पहिली ओळ सरळ, बरोबर. दुसरी ओळ जिथून वर चढायची, तिथून ती खाली उतरली. हळूहळू उतरत आली आणि घरी येऊन बसावं तशी पहिल्या सुरावर बसली. शिवाय एक मात्रा जास्तीची. त्या घरातल्या प्रत्येकाला मार्च पाठ होता. विरजणाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या मलाही होता. साफ चुकलं होतं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अर्ध्या मात्रेला ए, एस, डी, एफपासून सुरू करायला लावणारा माणूस आता काय करणार, म्हणून मी त्यांच्या बुटाकडे बघत राहिले.

काकूंना राहवलं नाही. "अहो, हे असं नाही ना? चुकलं की पोरीचं."

मेष्ट्रुंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "पुन्हा म्हण," ते फोनला म्हणाले. भाग्याने पुन्हा म्हटलं, तसंच, उतरतं. या वेळी त्यांचा बूट हळूच वाजायला लागला. त्या जास्तीच्या मात्रेलाही वाजला.

"चुकलं नाही," ते म्हणाले. "आजोबांचंच चुकलं असंल. हे बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याला बोलावून घेतलं आणि मार्च नव्याने वाजवून घेतला. तेव्हापासून चामराजपुरममधल्या त्या खोलीत दुसरी ओळ खाली उतरते.